नरकचतुर्दशीचे फोव आणि आमची पाकपुस्तके

नवरात्र उलटले, की पुस्तकांच्या दुकानांतील एका कोपऱ्यात फराळाची पुस्तके दिसू लागतात. मुखपृष्ठावर चकली, करंजी, बेसनाचा लाडू आणि एक पणती. आत पन्नास-पाऊणशे कृती. अशी चार पुस्तके आम्ही एका बैठकीत वाचली. त्यांपैकी एकाही पुस्तकाच्या आधाराने गोव्यातील एखाद्या घराला नरकचतुर्दशीची पहाट साजरी करता येणार नाही, अशी आमची खात्री झाली. चकली त्यांतून साधेल, अनारसेही कदाचित साधतील. पहाट साधणार नाही. हा आक्षेप वाचकांस थोडा चमत्कारिक वाटेल, म्हणून तो सविस्तर मांडणे आम्हांस भाग आहे.

गोव्यातील हिंदू घरांत नरकचतुर्दशी ही मुख्यतः फोवांची सकाळ आहे. आदल्या दिवशी न्हाणीतले भांडे घासूनपुसून पाण्याने भरून ठेवायचे. पहाटे घरातील मंडळींना तेल लावून, ऊन पाण्याने न्हाऊ घालून ओवाळायचे. तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा, आणि त्या कडवटपणावर पहिला गोड घास यायचा तो फोवांचा. हे फोव एकाच प्रकारचे नसतात. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसात गूळ विरघळवून केलेले रोसातले, ओले खोबरे आणि गूळ हाताने कालवून केलेले कालयिल्ले, मिरची-मोहरीची फोडणी दिलेले तिखशे. कुठे पाच, कुठे सात. सोबतीला काळ्या वाटाण्यांची उसळ, आणि अंबाडे मिळाले तर त्यांचे सासव. आधी देवाला नैवेद्य, मग वडीलधाऱ्यांची पाने, आणि उजाडले की झाकलेली भांडी घेऊन शेजारीपाजारी जाणे-येणे. कोणाकडचे ताकातले फोव यंदा बरे जमले होते, ही चर्चा तुळशीच्या लग्नापर्यंत पुरते.

आता या पदार्थाची जात पाहा. भात भिजवून, निथळून, तापल्या भांड्यात भाजतात आणि गरम असतानाच कांडतात. दाणा चपटा होतो, टरफल सुटते, तांबूस साल बरीचशी अंगावर राहते. म्हणजे फोव घरात येतात ते शिजूनच आलेले असतात. त्यांना चूल लागते ती फोडणीपुरती. पहाटे चार वाजता ज्या घरात एक चूल न्हाणीच्या पाण्याखाली गुंतलेली आहे, घरातील दोन हात तेल लावण्यात आणि दोन हात निरांजनात अडकलेले आहेत, त्या घरात अर्ध्या तासात पाच पदार्थ पानावर येऊ शकतात ते एवढ्याचसाठी. शिवाय खरिपाचे भात कापून झाल्यावर दिवाळी येते. नव्या पिकाचा दाणा देवापुढे ठेवण्याचीही हीच वेळ. पदार्थ, ऋतू आणि प्रहर यांची अशी सांगड क्वचितच पाहावयास मिळते.

सणाचे पदार्थ दोन जातींचे असतात, आणि पाकपुस्तकांनी नेमका हाच भेद ओळखलेला नाही. चकली, चिवडा, शंकरपाळे, लाडू हे साठवणीचे पदार्थ. ते आठ दिवस आधी करून डब्यात भरता येतात, पाहुण्यांपुढे ठेवता येतात, टपालाने परगावी धाडता येतात आणि छायाचित्रातही चांगले दिसतात. फोव डब्यात राहत नाहीत. रोसातले फोव तासाभरात रस पिऊन फुगतात, ताकातले आंबटतात, कालयिल्ले पाणी सोडतात. त्यांना ना आदला दिवस आहे, ना दुसरा. पुस्तक हे मुळात साठवणीचे साधन. म्हणून त्याला साठवणीचे पदार्थ मानवले आणि घडीभराचे पदार्थ त्याच्या हातून निसटले, असे आम्हांस वाटते. पाहता पाहता ‘दिवाळी म्हणजे फराळ’ हे समीकरण छापील झाले, आणि जे छापील झाले ते साऱ्या मराठी समाजाचे झाले. आज पणजी-मडगावच्या घरांतही पुण्याकडच्या चिवड्याचे डबे आधी भरतात, आणि फोवांचे काय ते चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आठवते.

आम्ही पाकपुस्तकांचे शत्रू नव्हे. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ निघाले, १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ आले, तेव्हापासून या ग्रंथांनी मराठी घरावर केलेले उपकार मोठे आहेत. ज्या मुलीला आईचा किंवा सासूचा हात पाहून शिकण्याचे भाग्य नव्हते, तिला या पुस्तकांनी शिकवले. १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने तर वाटी-चमच्याचे माप घरोघरी रुजवले. तोवर शेर, पावशेर आणि तोळे होते. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि ग्रॅम आले. वाटी मात्र दोहोंच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. घरातले भांडे हेच प्रमाण मानणे यात मोठी समजूत होती, आणि त्या पुस्तकाला मिळालेले यश आम्हांस सर्वस्वी न्याय्य वाटते. परंतु ‘रुचिरा’सारख्या ग्रंथाचे प्रयोजन रोजचा स्वयंपाक हे आहे. भाज्या एकीकडे, भाताचे प्रकार दुसरीकडे, गोड पदार्थ तिसरीकडे, ही मांडणी त्याला शोभते. तीच मांडणी जेव्हा सणांचे म्हणून खास काढलेले पुस्तक उचलते, तेव्हा सण मागे राहतो आणि हाती यादी उरते.

चारांपैकी तीन पुस्तकांत फोवांना स्थानच नाही. एका पुस्तकात रोसातले फोव आहेत. ते ‘न्याहारी’ या प्रकरणात, कांदेपोह्यांच्या पाठोपाठ, ‘गोव्याकडचे गोड पोहे’ या नावाने. लेखिकेने त्यांची दखल घेतली याबद्दल आम्ही तिचे आभारी आहोत. पण कृतीत ‘पातळ पोहे’ असे म्हटले आहे. तिकडील तांबूस, जाडसर फोव धुऊन रसात टाकले तर दाणा दाणा राहतो. कागदी पातळ पोहे टाकले तर त्याची लापशी होते. नारळाचा रस गुळासह उकळावा असेही सांगितले आहे, आणि उकळला की तो फाटतो. ज्या स्त्रीने हे फोव कधी पाहिले नाहीत ती पुस्तकाप्रमाणे करून पाहील, पहिल्याच खेपेस निराश होईल, आणि गोव्याकडच्या लोकांच्या रुचीविषयी तिचे मत कायमचे ठरून जाईल.

नावाचा प्रश्नही आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. गोव्यातील कितीतरी घरांत देवघरातील आरती मराठीत होते आणि स्वयंपाकघरातील संसार कोंकणीत चालतो. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी या दोन भाषांवरून झालेला कलह अनेक वाचकांस आठवत असेल. स्वयंपाकघरात तो कधी शिरला नाही. तेथे ‘फोव’ आणि ‘पोहे’ हे दोन्ही शब्द असतात व त्यांचे अर्थही वेगळे असतात. ‘पोहे’ म्हणजे एरवीच्या सकाळचा नाश्ता, आणि ‘फोव’ म्हटले की चतुर्दशी आठवते. एकाला दुसऱ्याचे अपभ्रष्ट रूप समजून संपादकाने शब्द ‘शुद्ध’ केला, की हा भेद पुसला जातो.

एका प्रस्तावनेत फोवांचे मूळ सुदाम्याच्या पोह्यांत शोधले आहे. कथा गोड आहे. नरकासुराचा वध आणि सुदाम्याची भेट या दोन्ही कथा भागवताच्या दशम स्कंधातल्या, तेव्हा भाविकाने त्यांची सांगड घातली तर आमची हरकत नाही. परंतु केवळ कथेने समाधान मानले, म्हणजे शेतावर नुकते कापलेले भात, भाजणाऱ्या बाईचा धगीने लाल झालेला चेहरा आणि कांडपाचे श्रम दृष्टिआड होतात. नैवेद्य देवापुढे जातो तो कथेमुळे जातो की पिकामुळे, हा वाद आम्ही घालू इच्छीत नाही. पुस्तकाने दोन्ही सांगावे, एवढेच म्हणणे आहे.

इतक्या लहान गोष्टीसाठी एवढा खल कशाला, असे कोणी विचारील. त्याला आम्ही आमच्याच भूमीचा इतिहास दाखवू. गोव्याच्या इन्क्विझिशनने १४ एप्रिल १७३६ रोजी काढलेल्या जाहीरनाम्यात धर्मांतरितांनी कोणत्या हिंदू चाली सोडाव्यात याची लांबलचक यादी आहे, आणि तीत मीठ न घालता भात शिजवण्याची रीतही आहे. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ही हकिगत आली आहे. भातात मीठ असावे की नसावे, यात एवढ्या बलाढ्य सत्तेने लक्ष घालावे याचा अर्थ उघड आहे: समाज कोठे वस्तीला असतो हे तिला ठाऊक होते. आणि तरीही हळदीच्या पानातल्या पातोळ्या आमच्याकडे नागपंचमीला होतात तशा आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या फेस्ताला होतात; चवथीच्या नेवऱ्या त्यांच्याकडे नाताळच्या ताटात दिसतात. हुकुमाला जे जमले नाही, ते आता आमच्या विसराळूपणाला जमते की काय, ही आमची धास्ती आहे.

येथे आमच्या स्वतःच्या पक्षाचाही दोष सांगितला पाहिजे. परंपरेचे गुणगान करणारे लेख बहुधा पुरुषांनी लिहिलेले असतात, आणि ती पहाट ज्यांच्या झोपेच्या बळावर उभी राहते त्या स्त्रियांचा उल्लेख त्यांत ‘माउलीचे हात’ एवढ्यावर आटोपतो. दोन वाजता उठून चूल पेटवणारी, सर्वांना न्हाऊ घालून स्वतः शेवटी न्हाणारी, आणि फोव गार होऊन फुगल्यावर खाली बसणारी बाई आम्ही सर्वांनी पाहिली आहे. तिच्या सुनेने बाजारातून चकली आणली म्हणून नाके मुरडण्याचा अधिकार आम्हांस नाही. कांडपाचे फोव घरचे राहिले नाहीत त्यालाही आता बराच काळ लोटला. गिरणीचे फोव आणून कोणाचा धर्म बुडाला नाही. नारळ खवणे, रस काढणे, गूळ चिरणे ही कामे पुरुषांच्या हातांनाही जमतात. हे लिहिण्यापूर्वी आम्ही स्वतः करून पाहिले आहे; रस थोडा पातळ झाला, पण कोणी उपाशी राहिले नाही.

नरकासुराचीही गोष्ट अशीच. पहाटे त्याचे दहन व्हावे आणि मग घरोघर अभ्यंगस्नान व्हावे, असा मूळ क्रम. आज गावोगावच्या स्पर्धांत प्रतिमा दरवर्षी उंच होत आहेत, ध्वनिक्षेपक रात्रभर चालतात, आणि असुराला जाळून दमलेली तरुण मंडळी उजाडताना घरी येऊन झोपी जातात. ती दहाला उठतात तेव्हा पानात फुगलेले फोव असतात. ज्याच्या वधाचा आनंद करायचा त्यानेच सकाळ गिळावी, हा विनोद आम्हांस फारसा मानवत नाही.

गोव्याबाहेरच्या आमच्या वाचकांची अडचण निराळी आहे. बेळगावात तांबूस फोव बाजारात मिळतात आणि कोंकणी घरे शेजारी आहेत. तेथे रीत टिकवणे त्यामानाने सोपे. इंदुरात वाफेवरचे पोहे आणि जिलबी ही रोजची न्याहारी. तेथे वाढलेले मूल दिवाळीच्या पहाटे विचारते, आज पोहेच का? प्रश्न रास्त आहे, आणि आईबापांपाशी उत्तर नसेल तर पुढच्या वर्षी फोव होत नाहीत. बडोदे, हैदराबाद, ग्वाल्हेर येथेही शेजारी बदलतो, नारळ महाग होतो, कारीट मिळत नाही. अशा घराला पुस्तकाची गरज सर्वांत अधिक. आणि नेमक्या त्याच घराला आजचे पुस्तक उपयोगी पडत नाही, कारण त्यात माप आहे आणि वेळ नाही. लोकसंस्कृतीचा अभ्यास करता करता दुर्गाबाई भागवतांना ‘खमंग’ लिहावेसे वाटले; त्या वाटेने जाऊन कोणीतरी एका सकाळीचे पुस्तक लिहावे. त्यात आदल्या संध्याकाळच्या न्हाणीपासून शेजारच्या भांड्यापर्यंत सारे ओळीने यावे, आणि पदार्थ त्या ओघात यावेत.

आमच्या घरी एक वही आहे. कडा झिजल्या आहेत, काही पानांवर तेलाचे डाग आहेत, अक्षर मोडीवळणाचे आहे. ‘रोसातले फोव’ या मथळ्याखाली चारच ओळी आहेत. किती नारळ, हे लिहिलेले नाही. ‘माणसे पाहून’ एवढेच आहे. गूळ ‘नारळ पाहून’. रस तापवू नये, असे अधोरेखित केले आहे. आणि चौथी ओळ अशी: मंडळी कारीट फोडायला तुळशीपाशी गेली, की फोव धुऊन रसात सोडावेत. छापील पुस्तकात त्या जागी ‘दहा मिनिटे’ असे आहे.