'पूरक' म्हणजे कशाला पूरक?

एन. सी. ई. आर. टी.च्या इयत्ता नववीच्या विज्ञान पुस्तकात (प्रथमावृत्ती २००६) अन्नस्रोतांच्या सुधारणेवर एक प्रकरण आहे. त्यात दुभत्या जनावरांच्या खुराकाचे वर्णन करताना लेखक सांगतात की, सूक्ष्म पोषकद्रव्ये असलेली पूरके दिल्यास जनावरांचे आरोग्य सुधारते आणि दूध वाढते. पुढे कोंबड्यांच्या खाद्यात अ आणि के जीवनसत्त्वांचे प्रमाण जास्त ठेवतात, असेही सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी विषय तेवढ्यावरच सोडला आहे.

ही विधाने खोटी नाहीत. तक्रार निराळीच आहे. पशुखाद्याच्या दुकानात मांडलेल्या कोणत्याही डब्यावर नेमके हेच वाक्य छापलेले असते. मग विज्ञानाच्या पुस्तकाने डब्यापेक्षा अधिक काय सांगितले? पूरक नेमके कशाची उणीव भरून काढते, ती उणीव त्या जनावरात आहे हे कसे ओळखायचे, आणि उणीव नसताना दिले तर काय होते, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे यायला हवे होते. त्यातला एकही आलेला नाही.

या प्रश्नांसाठी लांब जायला नको. मार्व्याहून तर उतरून मनोरीला गेले, की कोळीवाड्यात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील आणि जमिनीवर पसरलेला जवळा सुकताना दिसतो. चांगला माल माणसांच्या बाजारात जातो. आपल्या किनाऱ्यावरची हलकी, खाण्याजोगी न राहिलेली सुकी मासळी मात्र दळून कोंबड्यांच्या खाद्यात घालण्याची पद्धत जुनी आहे. कोंबड्यांची पिले नुसत्या धान्यावर आणि पेंडीवर नीट वाढत नाहीत, अंडी कमी उबतात, आणि खाद्यात थोडी मासळी घातली की फरक पडतो, हे पाळणाऱ्यांना अनुभवाने माहीत होते. शास्त्रज्ञांनाही ते दिसत होते. पण मासळीतला नेमका कोणता घटक हे करतो ते सापडत नव्हते. म्हणून त्यांनी त्या अज्ञात वस्तूला 'प्राणिज प्रथिनातला घटक' असे तात्पुरते नाव देऊन ठेवले. १९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे बी-१२ जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले, तेव्हा या घटकाचा मुख्य भाग तेच असल्याचे उघड झाले. वनस्पतींत ते जवळजवळ नसते. ते बनवतात फक्त सूक्ष्मजीव.

आता गायीकडे पाहू. गाय तर जन्मभर गवतच खाते. मग तिला बी-१२ कोठून मिळते? तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव ते तयार करतात. मात्र त्यासाठी त्यांना कोबाल्ट लागते, कारण या जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो. म्हणजे कोंबडीला जे खाद्यातून द्यावे लागते, ते गाय घरीच बनवते; तिला केवळ कच्चा माल हवा. कोंबडीच्या बाबतीत जे पूरक, ते कोबाल्ट पुरेसे असलेल्या गायीच्या बाबतीत निव्वळ खर्च. एकाच वस्तूचे हे दोन अर्थ वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी मांडले, तर 'पूरक' हा शब्द निम्मा शिकवून होतो.

कोबाल्टची कथा तर शोधपद्धतीचा नमुनाच आहे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या काही भागांत हिरव्यागार कुरणात चरणारी मेंढरे आणि गुरे खंगून मरत. रक्त कमी होते, तेव्हा लोह कमी असणार असा तर्क निघाला. लोहाचे खनिज खायला घातल्यावर जनावरे सुधारलीही. तर्क सिद्ध झाला असे वाटण्यासारखीच स्थिती होती. पण प्रत्येक खाणीचे खनिज सारखे गुण देईना. तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियात अंडरवुड आणि फिल्मर यांनी त्या खनिजातून लोह काढून टाकले आणि उरलेला अर्क दिला. जनावरे तरीही बरी झाली! गुण लोहाचा नव्हता, त्यात भेसळीसारख्या मिसळलेल्या कोबाल्टचा होता. १९३५ साली हे स्पष्ट झाले; दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनीही त्याच सुमारास तेच दाखवले. मेंढीला रोज मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा एवढे कोबाल्ट पुरते. 'दिले आणि गुण आला' एवढ्यावर थांबले असते, तर लोहाच्या गोण्याच विकल्या गेल्या असत्या.

याच बी-१२ च्या शोधातून एक उपद्व्यापही निघाला, आणि पाठ्यपुस्तकाने तो गाळावा याचे मला नवल वाटते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड हे बी-१२ चा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक बनवताना उरणारा चोथा त्यांनी पिलांना घातला. पिले बी-१२ मुळे वाढावीत त्याहून जास्त वाढली. चोथ्यात राहून गेलेल्या प्रतिजैविकाचा तो परिणाम होता. तेव्हापासून निरोगी कोंबड्यांना रोज थोडे थोडे प्रतिजैविक घालणे हा धंद्याचा भाग झाला, आणि तेही 'पूरक' म्हणूनच विकले गेले. वाढ खरी होती. पण अल्प मात्रेत टिकून राहणारे जंतू पुढे औषधाला दाद देत नाहीत, ही किंमत कोंबडीच्या वजनात दिसत नाही. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देणे २००६ साली बंद केले. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरच्या उपायांपैकी एक औषध. २०१५ साली चीनमध्ये त्याला न जुमानणारा, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारा जनुक सापडला. आणि भारत सरकारने २०१९ साली अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. जीवनसत्त्व, खनिज आणि प्रतिजैविक ही तिन्ही एकाच मापाने मोजून चालत नाही. पुस्तकातले एक वाक्य मात्र तिघांनाही सारखेच लागू पडते.

प्रजननाबद्दल पुस्तक काहीच बोलत नाही, आणि बाजार सर्वांत जास्त त्याबद्दलच बोलतो. गाय माजावर येत नाही, भरवली तरी गाभण राहत नाही, ही शेतकऱ्याची खरी चिंता. भाकड जनावर रोज खाते आणि काही देत नाही. येथे पूरकांचा उपयोग भक्कमपणे दाखवणारा जुना प्रयोग आहे. दक्षिण आफ्रिकेत थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉस्फरस अतिशय कमी असलेल्या माळावर गुरांचे दोन गट ठेवले. हाडांचे पीठ मिळालेल्या गटात सुमारे ८० टक्के गायी व्याल्या, न मिळालेल्या गटात ५१ टक्के. आकडे डोळ्यांत भरण्यासारखे आहेत, पण जमीन कोणती होती ते विसरू नये. आपल्याकडे भाताच्या पेंढ्यावर जगणाऱ्या कोकणातल्या गायीच्या आहारात फॉस्फरस कमी असतो. जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यात कोंडा, चुनी आणि सरकी पेंड खाणाऱ्या म्हशीची गोष्ट वेगळी, कारण कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो. दोघींना एकाच डब्यातून एकच चमचा देणे हे कोणत्या शास्त्रात बसते? शिवाय ज्या गायीला पोटभर चाराच नाही, तिचा माज खनिजांनी परत येत नाही. आधी ऊर्जा, मग बाकीचे.

हाडांच्या पिठाचाही पुढे एक अध्याय आहे. ब्रिटनमध्ये १९८६ साली गायींचा मेंदू सच्छिद्र करणारा रोग ओळखला गेला. गुरांना गुरांच्याच अवशेषांची भुकटी घातल्याने तो पसरत होता. १९८८ साली ती घालण्यावर बंदी आली. भारतातही गायी-म्हशींना मांस-हाडांची भुकटी घालण्यास मनाई आहे, आणि फॉस्फरससाठी डायकॅल्शियम फॉस्फेट वापरतात.

जाहिरातीतला पुरावा तपासायचा, तर वर्गात एक उदाहरण घालावे. समजा, एकदा भरवल्यावर गाय गाभण राहण्याची शक्यता तीनात एक आहे. तीन वेळा अपयश आलेल्या ३० गायींना मालकांनी डबा आणून दिला. डब्यात खडूची पूड असली, तरी चौथ्या खेपेस सुमारे १० गायी गाभण राहतील आणि १० मालक मनापासून डब्याची स्तुती करतील. उरलेले २० मालक पत्र लिहीत नाहीत. अकरावीच्या विद्यार्थ्याला हे नाण्याऐवजी फाशाने करून पाहता येते: १ किंवा २ पडले तर गाभण. यातूनच डबा न दिलेल्या गटाची गरज आपोआप कळते.

दुसरा प्रयोग पुन्हा सुक्या मासळीचा. खाद्यातली प्रथिने मोजताना प्रयोगशाळा प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. युरियात सुमारे ४६ टक्के नायट्रोजन असतो. गुणाकार मुलांनाच करू द्यावा: उत्तर २८७.५ टक्के 'प्रथिन' येते! मासळीच्या भुकटीत मूठभर युरिया मिसळला, की कागदावर तिचा दर्जा का वाढतो हे त्यांना लगेच कळेल. २००७-०८ मध्ये चीनमधल्या मालात मेलामाइन मिसळण्यामागे हीच युक्ती होती. गाय थोडा युरिया पचवू शकते, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव त्यापासून प्रथिन बनवतात. कोंबडीला त्याचा काही उपयोग नाही. युरियाची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत सोपी आहे. भुकटी पाण्यात ढवळून गाळून घ्यावी, त्या पाण्यात सोयाबीनचे थोडे पीठ घालून अर्धा तास ठेवावे आणि तांबडा लिटमस बुडवून पाहावा. सोयाबीनमधले विकर युरिया फोडून अमोनिया मोकळा करते आणि कागद निळा होतो. तुलनेसाठी एका नळीत पीठ न घालता नुसते गाळलेले पाणी आणि दुसरीत साध्या पाण्यात पीठ, असे अवश्य ठेवावे, कारण जुनी मासळी स्वतःच थोडा अमोनिया सोडते. गाळण्यावर तळाला राहिलेली रेती वाळवून तोलली, तर जमिनीवर सुकवलेल्या मालात कोंबडीने किती किनारा खाल्ला असता तेही समजते.