दान्तेच्या नरकातील अनास्था : एक टिपण

प्रेमाचा खरा प्रतिपक्ष द्वेष की अनास्था, या प्रश्नाला दान्तेच्या काव्यातून मिळणारे उत्तर सामान्यतः असे सांगितले जाते की, अनास्था द्वेषाहूनही हीन होय. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. ('औदासीन्य' हा शब्द येथे हेतुतः टाळला आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायात 'उदासीन' हे भक्ताचे लक्षण आहे, आणि दान्तेला अभिप्रेत असलेला दोष त्याहून सर्वस्वी भिन्न आहे.)

'इन्फेर्नो'च्या तिसऱ्या सर्गात नरकाच्या द्वारावरील लेख सांगतो की, हे द्वार निर्माण करणाऱ्यांत आदिप्रेमही होते. द्वार ओलांडताच प्रथम भेटतात ते बरे वा वाईट यांपैकी काहीच न निवडलेले जीव. गांधीलमाश्यांचे दंश सोसत ते एका निशाणामागे अखंड धावत असतात. कवी त्यांतील एकाचेही नाव घेत नाही. ज्याने मोठा नकार दिला असा एक जण तेथे दिसतो. तो 1294 मध्ये पदत्याग करणारा पोप पाचवा सेलेस्टिन असावा, असे अनेक भाष्यकार मानतात. अशांविषयी बोलूही नये, एक दृष्टी टाकून पुढे व्हावे, अशी व्हर्जिलची आज्ञा आहे.

येथे लूकच्या शुभवर्तमानातील दहावा अध्याय आठवतो. यरीहोच्या वाटेवर घायाळ पडलेल्या मनुष्याला याजक पाहतो आणि पुढे जातो. लेवीही तसेच करतो. दोघांच्याही मनात त्याच्याविषयी द्वेष नाही. पाहणे आणि पुढे जाणे, नेमक्या याच दोन क्रिया व्हर्जिल आपल्या शिष्याला करावयास सांगतो. हे साम्य दान्तेने योजिले होते, असे सिद्ध करता येणार नाही. पण ते एकदा लक्षात आले की, अनास्थेचे शासन अनास्थेनेच होत आहे, ही अडचण दृष्टिआड करता येत नाही. याउलट आठव्या सर्गात फिलिप्पो आर्जेंतीवर दान्ते संतापतो, त्याला ओळखतो, त्याच्याशी बोलतो. द्वेषात निदान समोरच्याचे अस्तित्व मान्य केलेले असते.

कर्मानुरूप दंड हाच नरकाचा नियम, असा यावर युक्तिवाद होईल. मग 'पुर्गातोरिओ'च्या सतराव्या व अठराव्या सर्गांचे काय? तेथे व्हर्जिलच सांगतो की, सर्व गुणदोषांचे मूळ प्रेमात आहे आणि आळस म्हणजे प्रेमाची न्यूनता. तेथील आळशीही धावतात. मात्र कमी पडलेल्या प्रेमाची भरपाई करण्यासाठी. धावणे तेच, परंतु तेथे दान्तेला त्यांच्याशी बोलण्याची मनाई नाही. न्यूनता भरून निघू शकते, हे ज्या काव्याला ठाऊक आहे, त्याने उंबरठ्यावरील या जीवांना एक शब्दही देऊ नये, हे मला तरी सहज पटत नाही.

भाष्यकारांनी फारसे महत्त्व न दिलेला एक तपशील मात्र उरतो. नरकात शिरताच अंधारातून आक्रोश ऐकू येतो आणि दान्ते रडतो. तो आक्रोश कोणाचा, हे त्याला अद्याप कोणी सांगितलेले नसते.