तक्रार करणारा कान : मिरजेचा तंबोरा आणि कारागिराची प्रेरणा

आजचा विषय आहे प्रादेशिक कारागीर आणि त्यांच्या प्रेरणा. विषय एवढा ऐसपैस आहे, की तासाभरात त्यावर सगळंच बोलायला गेलं तर काहीच बोलून होणार नाही. म्हणून आम्ही एकच गाव आणि एकच वस्तू घेतली आहे. गाव मिरज, वस्तू तंबोरा. आणि एकच प्रश्न: तंबोरा करणाऱ्याला त्याचं काम अधिक चांगलं करावंसं का वाटतं?

कारागिरांवर मराठीत लिहिलं जातं तेव्हा या प्रश्नाची उत्तरं जवळजवळ ठरलेली असतात. निसर्ग, परंपरा, श्रद्धा, वाडवडिलांकडून आलेला हात. ही उत्तरं खोटी नाहीत. पण ती पैठणीला लावा, कोल्हापुरी चपलेला लावा, तंबोऱ्याला लावा, सगळीकडे सारखीच बसतात. जे उत्तर सगळ्यांना बसतं त्यातून एकाही वस्तूबद्दल काही कळत नाही. घोडीवर कानस अजून एकदा फिरवायची की इथेच थांबायचं, हे वाडवडील सांगत नाहीत. ते कुणीतरी ऐकून सांगावं लागतं. आमचं आजचं सगळं म्हणणं या ‘ऐकून सांगणाऱ्या’ माणसाबद्दल आहे.

आधी थोडा इतिहास. मिरजेत वाद्यं घडवण्याचं काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलंय. तिथे सांगितली जाणारी हकीकत अशी, की हे काम हाती घेणारे फरीदसाहेब हे शिकलगार होते. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांची मागणी आटली, आणि धातूवर बसलेला हात लाकूड-भोपळ्याकडे वळला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारात गवई येत-जात होते, त्यांची वाद्यं दुरुस्तीला निघत होती. म्हणजे हा धंदा सुरू झाला तो दुरुस्तीतून. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. आजही तिथे सतारमेकर गल्ली आहे आणि कित्येक घरांचं आडनावच सतारमेकर आहे.

आता वस्तू बघू. तंबोऱ्याचा भोपळा खायचा नसतो, तो कडू असतो. तो येतो सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. भोपळा पिकवून, पूर्ण वाळवून मग आणायचा. मिरजेत तो पाण्यात भिजवतात, कापतात, आतला गर काढतात आणि आतून काटक्यांचा आधार देऊन हवा तो आकार येईपर्यंत ठेवतात. दांडी आणि तबली लाकडाची, त्यात तून हे जुनं, भरवशाचं लाकूड. मग खुंट्या, घोडी, तारा, तारेत ओवलेले मणी. वरून नक्षी आणि लाखेचं पॉलिश.

इतकं झालं की वस्तू दिसायला तंबोरा होते. वाजायला अजून झालेली नसते. ते होतं जवारीनं. घोडी वरून सपाट वाटते, पण तिला अगदी किंचित उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर निसटती टेकते. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात आणि केसाएवढा पुढे-मागे करत एक जागा शोधतात. ती जागा सापडली की तार ‘बोलते’. एकाच तारेतून सुरांचा पुंजका उठायला लागतो, आणि खरजाच्या तारेतून, कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

यात अंधश्रद्धा काही नाही. 1921 साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक शोधनिबंध लिहिला. त्यांना प्रश्न पडला तो असा: तार ज्या बिंदूवर छेडतो, त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा निस्पंद असतो तो उपस्वर उमटायला नको, असं युरोपातलं शास्त्र सांगतं. पण तंबोरा आणि वीणा यांच्यात तो उमटतो. का? तर घोडीच्या त्या वक्र पृष्ठामुळे. तार कंप पावताना त्या पृष्ठाला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि नियम मोडतो. एका भौतिकशास्त्रज्ञाला निबंध लिहावासा वाटला ती गोष्ट मिरजेतला माणूस कानस, काचकागद आणि कान एवढ्यावर रोज करत होता.

पण ‘चांगली’ जवारी कोणती? इथे आपण समीक्षेच्या दारात येतो. जवारी खुली असते, तशी बंद असते, आणि या दोन्हींच्या मध्ये कितीतरी पायऱ्या असतात. खुल्या जवारीत झणकार जास्त, बंद जवारीत सूर गोल आणि आवरलेला. यातली कुठलीच मुळात बरोबर किंवा चूक नाही. कुणाच्या मागे वाजणार, कुठल्या पट्टीत वाजणार, त्या गळ्याला काय हवंय, यावर ते ठरतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तंबोरा आणि काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या बाईचा तंबोरा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भोपळ्याचा घेर वेगळा, दांडीची लांबी वेगळी, तारांची जाडी वेगळी. म्हणजे गळा बदलला की लाकूडही बदलतं.

मिरजेच्या बाबतीत हा गळा नावानिशी सांगता येतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ. जन्म 1872, मृत्यू 1937. उत्तरेतल्या किराण्याचा हा माणूस मिरजेत राहिला आणि तिथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचं दफन झालं. दरवर्षी दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. किराणा घराण्याचं गाणं सुरावर उभं आहे. एकेक सूर सावकाश, पूर्ण उजळून दाखवायचा. असं गाणाऱ्याला मागचा तंबोरा ‘साधारण जुळलेला’ चालत नाही. आणि खाँसाहेबांचा कान नुसता गवयाचा नव्हता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींचा जो अभ्यास मांडला, त्यात श्रुती प्रत्यक्ष गाऊन दाखवण्याशी खाँसाहेबांचा संबंध होता. देवलांचं पुस्तक 1910 चं. म्हणजे त्या काळात मिरज-सांगलीच्या टापूत दोन सुरांमधल्या बारीक अंतरावर वाद घालणारी माणसं होती आणि त्याच टापूत तंबोरे बनत होते. हा योगायोग म्हणून सोडून देऊ नये.

आता आमचा मुद्दा. कारागिराला पुढे ढकलतो तो तक्रार करणारा कान. गवई दुकानात येतो, तंबोरा मांडीवर घेतो आणि म्हणतो, “जोड बोलतोय, पण खरज दबलाय.” किंवा, “आवाज मोठा आहे हो, पण लांबत नाही.” या दोन वाक्यांत कारागिराला पुढच्या चार दिवसांचं काम मिळतं. कौतुक ऐकून कुणी घोडी पुन्हा खाली उतरवत नाही. तक्रार ऐकून उतरवतो. मघाशी म्हटलं ना, हा धंदा दुरुस्तीतून उभा राहिला? दुरुस्ती म्हणजे नेमक्या शब्दांत केलेली तक्रार. तारांनी घोडीवर चरे पडतात, जवारी उतरते, ती पुन्हा काढावी लागते. त्यामुळे तंबोरा विकला की नातं संपत नाही. वस्तू परत येते आणि येताना मत घेऊन येते. परंपरा परंपरा म्हणतात ती या येण्या-जाण्याचीच बनलेली असते.

या नजरेनं पाहिलं तर आज मिरजेसमोरचा धोका नेमका कुठला, ते कळतं. 1979 च्या सुमाराला बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला. आज तो खिशातल्या फोनमध्ये आहे. आम्ही त्याच्या विरुद्ध भाषण करायला उभे नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत रियाझ करणाऱ्या मुलीला, रेल्वेनं कार्यक्रमाला जाणाऱ्या गवयाला, गुरूपासून हजारो मैलांवर राहून गाणं शिकणाऱ्याला त्यानं आधार दिलाय. ज्यांच्या घरात पाच फुटी वाद्य ठेवायला जागा नाही त्यांना परंपरेवर प्रवचन देणं हा उद्धटपणा होईल.

पण त्यानं काय नेलं तेही बघायला हवं. लोक म्हणतात, विक्री नेली. विक्रीचं नुकसान आहेच, आणि ज्याचं पोट त्यावर आहे त्याला ते पहिलं जाणवणार. पण त्याहून खोल नुकसान वेगळं आहे. बटण दाबून सुरू होणारा तंबोरा जुळवावा लागत नाही. जो जुळवत नाही त्याला खरज दबलाय की जोड, हे ओळखता येत नाही. ज्याला ओळखता येत नाही तो तक्रार करत नाही. तो दुकानात आलाच, तर फक्त पॉलिश बघतो. मग कारागीरही पॉलिशवर मेहनत करायला लागतो. यात दोष कारागिराचा नाही. जिथे ऐकणारा उरला नाही तिथे तो दिसणाऱ्याकडे वळणारच.

म्हणूनच नक्षीबद्दल जरा स्पष्ट बोलतो. भोपळा आणि दांडी जुळतात तिथली कोरलेली पानं, कडेनं बसवलेली वेलबुट्टी, हे सगळं सुंदर असतं आणि त्यात कष्ट असतात. पण तंबोऱ्यावरचे लेख वाचले तर तीन चतुर्थांश लेख नक्षीवर आणि उरलेला मालकाच्या पिढ्यांवर. आवाजावर एक ओळ नाही. छायाचित्रात नक्षी येते, जवारी येत नाही, हे खरं. पण आपण लिहिणारे तर छायाचित्रकार नव्हतो! ज्या वस्तूचं सारं प्रयोजन कानासाठी आहे तिची समीक्षा आपण डोळ्यांनी करत आलो.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. दुसरीकडे बनवलेली वस्तू मिरजेच्या नावानं विकायला आता आडकाठी आली. पण मानांकन गावाच्या नावाचं रक्षण करतं. गावातल्या दोन तंबोऱ्यांपैकी कुठला सरस, हे ते सांगत नाही. ते काम शिक्क्याचं नाहीच. ते काम ऐकणाऱ्यांचं आहे, म्हणजे आपलं.

युरोपात व्हायोलिनवादकाच्या कार्यक्रमपत्रिकेत पुष्कळदा त्याचं वाद्य कुणी घडवलं ते छापतात. क्रेमोनाचा स्त्रादिवारी 1737 साली वारला, तरी त्याच्या वाद्यांच्या आवाजावर लोक आजही हिरिरीनं भांडतात. ते भांडण म्हणजे त्या कारागिराला मिळालेली समीक्षा. आपल्याकडे मैफलीच्या सुरुवातीला तबल्याची साथ कुणाची, पेटी कुणाची, हे सांगतात. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावंही हल्ली सांगतात. तंबोरा कुणी केला हे कुणी सांगतं का? त्याच्या जवारीवर दुसऱ्या दिवशीच्या परीक्षणात कुणी लिहितं का?

म्हणून तुमच्याकडे मागणी छोटी आहे. मैफलीला दहा मिनिटं लवकर जा. पडद्याआड तंबोरे जुळवत असतात, तेव्हा गप्पा थांबवून ऐका. दोन तंबोऱ्यांमधला फरक स्वतःच्या शब्दांत सांगायचा प्रयत्न करा, मग शब्द तोकडे पडले तरी चालतील. तुमच्यापैकी जे गाणं शिकवतात त्यांनी महिन्यातून एकदा तरी शिष्यांच्या हातात खरा तंबोरा द्यावा आणि जुळवायला लावावा. जे परीक्षणं लिहितात त्यांनी एक ओळ तंबोऱ्यासाठी ठेवावी, आणि ती ओळ स्तुतीचीच असावी असं मुळीच नाही.

मिरजेतल्या माणसाला आपल्या कौतुकाची टंचाई नाही. शाली आणि नारळ पुष्कळ मिळतात. “खरज दबलाय” असं सांगणारा माणूस त्याच्या दारात पुन्हा आला पाहिजे. तो आला तर घोडी खाली उतरेल, कानस पुन्हा हातात येईल आणि प्रेरणा हा शब्द न उच्चारता काम पुढे सुरू राहील.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि तक्रारी असतील तर त्या आधी.