चार रकान्यांतलं यंत्र

फायनाइट-स्टेट ट्रान्सड्यूसर म्हणजे एक चिन्हमाला वाचता वाचता दुसरी लिहीत जाणारं यंत्र. एटी अँड टीच्या साधनांमुळे रूढ झालेल्या मांडणीत ते साध्या टेक्स्ट फाइलीत मावतं. ‘फळ’ आणि ‘फळे’ ओळखणारं यंत्र बघा. रकान्यांमध्ये टॅब आहे:

० १ फ फ
१ २ ळ ळ
२ ३ े +अनेकवचन
२ ३ @०@ +एकवचन
३

कुठून, कुठे, काय वाचायचं, काय लिहायचं: चार रकाने. शेवटच्या ओळीत एकटा ३. तिथे थांबलं तरच शब्द मान्य. ओळ कसली आहे हे सांगायला वेगळी खूण नाही, रकान्यांची संख्याच ते सांगते. चार म्हणजे वाट, एक म्हणजे मुक्काम. शेवटी वजन जोडलं तर पाच आणि दोन. किती नेमकी काटकसर!

तिसरी ओळ मला विशेष आवडते. युनिकोडमध्ये मात्रा हे स्वतंत्र चिन्ह असल्यामुळे ‘ळे’मधली मात्रा सुटी काढता येते आणि तिच्या जागी थेट व्याकरण लिहिता येतं. चौथ्या ओळीतलं @०@ म्हणजे रिक्त चिन्ह: काहीही न वाचता एकवचनाची नोंद होते. मराठीत एकवचनाला इथे प्रत्यय नाही, ही गोष्टसुद्धा फाइलीत अशी चोख उतरते.

आता पायथनमधला वाचक. ओळीमागून ओळ घ्यायची, स्प्लिटने तोडायची, तुकडे मोजायचे. काम मोजक्या ओळींत होतं. जाणकाराचा हात दिसतो तो स्प्लिटला टॅब स्पष्टपणे सांगण्यात. कंस रिकामा ठेवला तर स्प्लिट कुठल्याही मोकळ्या जागेवर तोडतो. मग ‘७ ८’नंतर दोन्ही चिन्हं स्पेसच असलेली ओळ दोनच तुकड्यांची उरते आणि वाचक समजतो, ७ ही अंतिम अवस्था, वजन ८. चूक कुठेही ओरडत नाही. यंत्र मुकाट्याने दुसरंच होतं. म्हणून ओळीच्या टोकाचं फक्त नवओळ-चिन्ह काढणारा आणि टॅबवरच तोडणारा वाचक पाहिला की दाद द्यावीशी वाटते.

सगळ्यात सुंदर करामत मात्र अदलाबदलीची. वाचताना तिसरा आणि चौथा रकाना उलटे घ्या: ‘फळे’चं विश्लेषण करणारं यंत्र आता ‘फळ+अनेकवचन’वरून ‘फळे’ घडवतं. फाइलीतलं एक अक्षरही बदलावं लागत नाही.