कल्पित आणि अकल्पित : साहित्य व चित्रपट

साहित्य आणि चित्रपट या दोन्ही कलांत कृतींची कल्पित (कथा, कादंबरी, कथापट) व अकल्पित (चरित्र, आत्मचरित्र, वृत्तांत, अनुबोधपट) अशी विभागणी रूढ आहे. ती सामान्यतः विषयावरून केली जाते : घडलेले ते अकल्पित, रचलेले ते कल्पित. हा निकष फार दूर जात नाही. ऐतिहासिक कादंबरीतील पात्रे होऊन गेलेली असतात; उलट आत्मचरित्रातील संवाद लेखकाने कित्येक वर्षांनी आठवून, म्हणजे बऱ्याच अंशी रचून लिहिलेले असतात. शैलीवरूनही भेद करता येत नाही, कारण शैली उसनी घेता येते. मूळ भेद कृतीने वाचकाशी वा प्रेक्षकाशी केलेल्या करारात आहे. अकल्पित कृती ‘हे असे घडले’ असा दावा करते आणि त्यामुळे पडताळणीस बांधलेली राहते. कल्पित कृती तो दावा करीत नाही. तिच्याकडे पुरावा मागणे अप्रस्तुत ठरते. मात्र हा करार शब्दाच्या माध्यमात ज्या रीतीने पाळला किंवा मोडला जातो, त्या रीतीने तो चित्रपटात पाळला किंवा मोडला जात नाही.

मराठी समीक्षेतील ललित–ललितेतर ही जोडी या विभागणीशी जुळत नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते. लघुनिबंध, व्यक्तिचित्र, आठवणी हे ललित मानले जातात, पण ते कल्पित असतातच असे नाही. जुन्या बखरींच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांना प्रमाण मानले व इतिहासलेखनाच्या दृष्टीने ते योग्यच होते; परंतु आपण इतिहास सांगतो की कथा, हा प्रश्न बखरकाराला आधुनिक अर्थाने पडलेलाच नव्हता.

छापील वाक्य स्वतःविषयी साक्ष देत नाही. घडलेल्या घटनेचे वाक्य आणि रचलेल्या घटनेचे वाक्य यांत व्याकरणाचा, शब्दांचा वा लयीचा कोणताही फरक नसतो. डॅन्येल डीफो याची ‘अ जर्नल ऑफ द प्लेग यीअर’ (१७२२, म. शी. ‘महामारीच्या वर्षाची रोजनिशी’) ही १६६५ च्या लंडनमधील प्लेगची प्रत्यक्षदर्शी हकीकत म्हणून वाचकांपुढे आली. त्या साथीच्या वेळी डीफो जेमतेम पाच वर्षांचा होता. मृतांचे साप्ताहिक आकडे आणि गल्ल्यांची नावे देण्यातील त्याचा काटेकोरपणा एवढा आहे, की ग्रंथ कोणत्या वर्गात घालावा याविषयी पुढील पिढ्यांतील अभ्यासकांतही एकमत झाले नाही. यूरोपीय कादंबरी आपल्या आरंभकाळात अशा रीतीने दस्तऐवजाचा वेष घेऊनच पुढे आली.

दोन शतकांहून अधिक काळानंतर ट्रूमन कपोटी याने उलट दिशेने प्रवास केला. १५ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात क्लटर कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तिच्यावरील ‘इन कोल्ड ब्लड’ (१९६६, म. शी. ‘थंड डोक्याने’) या ग्रंथाला त्याने अकल्पित कादंबरी म्हटले व त्यातील प्रत्येक गोष्ट खरी असल्याचा दावा केला. दोन्ही गुन्हेगारांना १९६५ च्या एप्रिलमध्ये फाशी दिले जाईपर्यंत ग्रंथाचा शेवट अडून राहिला होता, ही गोष्टही या प्रकारच्या लेखनावर एक नैतिक सावली टाकते. पुढे असे दिसून आले, की तपास अधिकारी आणि मृत मुलीची मैत्रीण यांची स्मशानभूमीतील भेट, जिच्यावर ग्रंथ संपतो, ती झालेलीच नव्हती. प्रसंग सुरेख आहे आणि दोष नेमका तेथेच आहे. तो आधीच्या शेकडो पडताळलेल्या वाक्यांच्या पंक्तीत, त्यांचाच विश्वास उसना घेऊन बसतो. वाचकाला सांधा दिसत नाही.

दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात कल्पिताचे तंत्र आहे, पण ते उघड आहे. दगडू मारुती पवार हा आपले आयुष्य दया पवार या सुशिक्षित लेखकाला सांगतो. दोघेही एकच व्यक्ती आहेत, हे वाचकाला आरंभीच कळते. अशी भेट जगात होऊ शकत नाही. तरीही दाव्याला धक्का लागत नाही, कारण ही युक्ती घटनांविषयी नसून, शिक्षणाने व शहराने माणसाचे जे दोन तुकडे केले त्यांविषयी आहे. कपोटीपेक्षा पवारांची रचना अधिक कृत्रिम आणि अधिक प्रामाणिक आहे.

चित्रपटात परिस्थिती वेगळी आहे. कॅमेऱ्यासमोर काहीतरी असल्यावाचून छायाचित्रण होत नाही. या अर्थाने प्रत्येक कथापट हा त्यातील नटांचा व स्थळांचा अनुबोधपट असतो. मात्र समोर जे होते ते आपोआप घडत होते की घडवून आणले गेले, हे चित्र सांगत नाही. रॉबर्ट फ्लाअर्टी याच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) मधील नायकाचे खरे नाव नानूक नव्हते. त्या काळी इन्युइट लोक बंदुका वापरू लागले होते, तरी चित्रपटात शिकार भाल्याने दाखविली आहे. बर्फाच्या घराच्या आत पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून एका बाजूने उघडे असलेले घर बांधून घेण्यात आले. बर्फ आणि थंडी मात्र खरीच होती.

घडवून आणलेले दृश्य अकल्पित कृतीत कसे वापरता येते, याचा उत्तम नमुना एरल मॉरिस याच्या ‘द थिन ब्ल्यू लाइन’ (१९८८) मध्ये मिळतो. १९७६ साली डॅलसमध्ये एका पोलिसाचा खून झाला आणि त्याबद्दल रँडल ॲडम्स याला शिक्षा झाली होती. मॉरिसने खुनाचा प्रसंग नटांकरवी पुनःपुन्हा उभा केला, पण दर वेळी वेगवेगळ्या जबानीप्रमाणे. दृश्ये परस्परांशी विसंगत असल्याने ती ‘असे घडले’ असे म्हणत नाहीत. ‘असे सांगितले गेले’ एवढेच म्हणतात. १९८९ मध्ये ॲडम्सची सुटका झाली व तीत या चित्रपटाचा वाटा मोठा होता. याउलट जिल्लो पोन्तेकोर्व्हो याचा ‘द बॅटल ऑफ अल्जीअर्स’ (१९६६) हा कथापट वृत्तपटासारखा इतका भासला, की त्यात वृत्तपटाचा तुकडाही वापरलेला नाही अशी सूचना अमेरिकेतील प्रतींत द्यावी लागली. त्यात बंडखोर नेत्याची भूमिका करणारा सादी यासेफ प्रत्यक्षातही त्या लढ्याचा एक नेता होता.

एकाच सामाजिक वास्तवावरील दोन कृती शेजारी ठेवल्या, म्हणजे दोन्ही प्रकारांच्या क्षमता स्पष्ट होतात. मुंबईतील घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्यानंतरच्या पोलीस गोळीबारात दहाजण मृत्युमुखी पडले. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) तेथून सुरू होतो व सुमारे चौदा वर्षे त्या वस्त्या, खटले आणि जलसे यांचा माग काढतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या कथापटातही शाहीर आहे. त्याच्या गाण्यामुळे एका गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा त्याच्यावर आरोप आहे. शाहिराच्या भूमिकेतील वीरा साथीदार हे स्वतः आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ते होते (मृत्यू २०२१), तर संगीत शाहीर संभाजी भगत यांचे आहे. ते पटवर्धनांच्या चित्रपटातही दिसतात.

‘कोर्ट’ जे करू शकतो ते पटवर्धनांना शक्य नव्हते. सरकारी वकील बाई न्यायालयातून निघून लोकल गाडीने घरी जातात, स्वयंपाक करतात, कुटुंबासह नाटकाला जातात. न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात. या खासगी जागांत अनुबोधपटाला कोणी येऊ देणार नाही, आणि दिलेच तर माणसे कॅमेऱ्याच्या जाणिवेने वागतील. अन्याय करणारी माणसे दुष्ट नसून केवळ सवयीने वागणारी आहेत, हे ताम्हाणे यांचे निरीक्षण कल्पिताच्या या मुभेवरच उभे आहे. ‘जय भीम कॉम्रेड’ची शक्ती दुसऱ्या ठिकाणी आहे. त्यातील माणसे चित्रपट संपल्यावरही असतात. त्यात गाणाऱ्या कबीर कला मंचाच्या कलावंतांना भूमिगत व्हावे लागले. चौदा वर्षे वाट पाहणे हेही येथे एक कलात्मक तत्त्व आहे : गोळीबारात आप्त गमावलेल्यांचे चेहरे पडद्यावर खरोखरच वयस्क होत जातात, आणि कोणत्याही रंगभूषेला ते साधत नाही.

‘सत्यकथेवर आधारित’ ही पाटी लावून कथापट जेव्हा दोन्ही बाजूंचे लाभ घेऊ पाहतो, तेव्हा वाद उद्‌भवतात. शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’ (१९९४) विरुद्ध स्वतः फूलनदेवी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. चित्रपट सत्य असल्याचा दावा करीत होता आणि जिचे ते सत्य, तिलाच ते मान्य नव्हते. ‘यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ या परिचित पाटीच्या प्रसारामागेही असाच एक खटला होता. रास्पुतिनवरील एका अमेरिकन चित्रपटातील (१९३२) राजकन्येचे पात्र आपल्यावर बेतलेले असून त्यामुळे आपली बदनामी झाली, असा दावा रशियन राजकन्या इरिना युसूपोव्ह हिने लंडनच्या न्यायालयात केला. १९३४ मध्ये तिला २५,००० पौंडांची भरपाई मिळाली.