राष्ट्रसंत आणि राज्यसत्ता : ग्रामगीतेच्या राजकीय अर्थनिर्णयाची चिकित्सा

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे (१९०९–१९६८) नाव विदर्भातील कोणत्या पक्षाच्या व्यासपीठावर ऐकू येत नाही, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे कठीण पडेल. गोंदिया जिल्ह्यातील आमगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगाव या भागांत गुरुदेव सेवामंडळाची सामुदायिक प्रार्थना परिचित आहे. जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यालाही २००५ पासून महाराजांचे नाव आहे. नावाचा हा प्रसार पाहता, त्यांनी राज्यसत्तेविषयी व स्वातंत्र्याविषयी नेमके काय सांगितले याचा निर्णय वाङ्मयीन साधनांनी व्हावयास हवा होता. तो तसा झालेला नाही. झाली आहे ती मालकीहक्काची वाटणी.

या वाटणीत प्रत्येकाच्या हाती काही ना काही खरा पुरावा आहे, हीच तिची अडचण होय. महाराज १९३६ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना चंद्रपूर येथे अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत डिसेंबरपर्यंत ठेवण्यात आले. पुढे भूदानाच्या कार्यात ते विनोबांच्या बरोबरीने उभे राहिले. गांधीवादी अर्थनिर्णय येथून निघतो. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधुसमाजाचे ते अध्यक्ष झाले, आणि त्या संस्थेची तत्कालीन शासनाशी असलेली जवळीक सर्वज्ञात आहे. १९६४ मध्ये मुंबईच्या पवई येथील सांदीपनी आश्रमात विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेसाठी भरलेल्या बैठकीतही ते उपस्थित होते. तिसरा एक वर्ग अंधश्रद्धा, बुवाबाजी व प्रारब्धवाद यांवरील त्यांची टीका तेवढी उचलतो आणि तीमागील ईश्वरनिष्ठा बाजूस ठेवतो. १९५६ सांगून १९६४ लपविणारा आणि १९६४ सांगून १९३६ लपविणारा हे दोघेही सारखेच दोषी. परंतु या सर्व घटना सांगितल्या तरी ग्रंथाचा अर्थ सिद्ध होत नाही. एखाद्या सभेतील उपस्थिती ही चरित्रातील गोष्ट आहे; वाक्याचा अर्थ ही भाषेतील गोष्ट आहे, आणि प्रस्तुत वादात या दोहोंची सतत गल्लत होत आली आहे.

'राष्ट्रसंत' हे अभिधानच पाहावे. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ते दिले असे सांगण्यात येते. समास या नात्याने तो राष्ट्राचा संत असा षष्ठी तत्पुरुष मानावा की राष्ट्रासाठी झिजणारा संत असा चतुर्थी तत्पुरुष मानावा, हे शब्दरूपावरून कळत नाही. सामासिक शब्दात विभक्तिसंबंध लोपतो हा त्याचा स्वभावच आहे. लोपलेल्या जागी प्रत्येक पक्ष आपला संबंध घालतो. एकाला त्यातून राज्यघटनेने बांधलेले राष्ट्र दिसते, दुसऱ्याला संस्कृतीने बांधलेले. ज्याने स्वतःला 'तुकड्यादास' म्हणविले त्याच्याविषयीचा वाद एका उपाधीच्या विग्रहावर चालावा, हे थोडे विचित्रच आहे.

ग्रामगीतेसंबंधी हाच प्रकार अधिक गंभीर स्वरूपात घडतो. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या एकेचाळीस अध्यायांच्या ग्रंथाचे प्रधान क्रियारूप विध्यर्थ हे आहे. मराठीच्या विध्यर्थी कर्मणी व भावे प्रयोगांत कर्ता तृतीयान्त असतो आणि तो सहज गळतो. 'गाव स्वच्छ करावे' असे उदाहरणादाखल रचलेले वाक्य घेतले, तर ते कोणी करावे हे वाक्यात नाही. गावकऱ्याने, सेवकाने, पंचायतीने की सरकारने? अध्याय सलग वाचणाऱ्यास कर्ता आधीच मिळालेला असतो : तो बहुधा गावातील सामान्य माणूस किंवा त्याच्यातून उभा राहिलेला सेवक असतो. ओवी सुटी काढली की कर्त्याची जागा रिकामी होते. मंत्री ती म्हणतो तेव्हा कर्ता जनता होते, विरोधक म्हणतो तेव्हा सरकार, संघटनेचा प्रचारक म्हणतो तेव्हा त्याची संघटना.

ओव्या सुट्या निघतात याचेही कारण रचनेत आहे. ज्ञानेश्वरीत एक वाक्य अनेकदा दोन-तीन ओव्यांतून वाहत जाते. त्यातील एक ओवी उचलली तर क्रियापदच मागे राहण्याची भीती असते. ग्रामगीतेची ओवी बहुशः आपल्यापुरती पूर्ण असते. निरक्षर श्रोत्याने ऐकून घरी न्यावी यासाठी ती तशी आहे, आणि हा तिचा गुणच होय. मात्र जी ओवी शेतकऱ्याला घरी नेता येते ती प्रचारकालाही फलकावर नेता येते.

मग राज्यसत्तेविषयी ग्रंथाची भूमिका कोणती? ग्रंथ लिहिला गेला त्या वेळी विदर्भ महाराष्ट्रात नव्हता. नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती, आजचा गोंदिया जिल्हा त्या राज्याच्या भंडारा जिल्ह्यात मोडत होता (स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला), आणि गावपातळीवरील कारभार १९४६ चा पंचायत कायदा व १९४८ पासूनची जनपद सभांची योजना यांखाली चालत होता. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम त्यानंतरचा. ग्रामगीतेतील 'सरकार' हा शब्द आजच्या जिल्हा परिषदेच्या व योजनांच्या जाळ्यावर बसवून वाचणे हा कालविपर्यास ठरतो. तेव्हाच्या गावकऱ्याला सरकार भेटे ते पटवारी, जंगलखात्याचा गार्ड आणि शिपाई यांच्या रूपाने. अशा माणसाला उद्देशून, स्वातंत्र्य मिळाले म्हणून सर्व काही वरून येईल अशी वाट पाहत बसू नको, असे ग्रंथ सांगतो. हे राज्यसंस्थेचे खंडन नाही. शासनाने अंग काढून घ्यावे, या मताला त्यात आधार शोधणारे ग्रंथाचा श्रोताच बदलून टाकतात. गावकऱ्याला उद्देशून केलेला स्वावलंबनाचा उपदेश शासनाच्या तोंडी घातला की त्याची सबब बनते.

स्वातंत्र्याच्या संदर्भात मताधिकारावरील ओवी सर्वांत बोलकी आहे. मत हे दोन्ही बाजूंनी धार असलेले शस्त्र असून योग्य न वापरल्यास ते वापरणाऱ्यावरच उलटते, असा तिचा आशय आहे. निवडणुका आल्या की ती सर्वत्र ऐकू येते, आणि प्रत्येक उमेदवार तिचा रोख प्रतिस्पर्ध्याकडे वळवितो. प्रत्यक्षात रूपकातील शस्त्र मतदाराच्या हाती आहे व इजाही मतदारालाच व्हावयाची आहे. उमेदवाराला त्या रूपकात स्थानच नाही.

या प्रश्नाची दूरच्या एका परंपरेशी तुलना उपयुक्त ठरते. अमेरिकेतील मॉर्मन पंथाने १८३५ मध्येच शासन, कायदा व सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य यांविषयीची आपली भूमिका लेखी जाहीर केली. धर्मसत्तेची व नागरी सत्तेची सरमिसळ तीत अन्याय्य मानली आहे. तरीही पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ १८४४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार झाला. पुढे एझ्रा टॅफ्ट बेन्सन हा ज्येष्ठ धर्माधिकारी १९५३ ते १९६१ या काळात आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री होता व नंतर जॉन बर्च सोसायटी या कडव्या साम्यवादविरोधी संघटनेकडे उघडपणे झुकला. तेव्हा जानेवारी १९६३ मध्ये पंथाच्या सर्वोच्च मंडळाला निवेदन काढून, त्या संघटनेशी पंथाचे नाव जोडणाऱ्यांविषयी नापसंती व्यक्त करावी लागली. धर्मपुरुष कोणत्या अधिकाराने बोलतो आहे, हे तेथे सांगू शकणारे एक पीठ होते. तरीही वाद मिटला नाहीच. बेन्सन १९८५ मध्ये त्याच पंथाचा अध्यक्ष झाला. ग्रामगीतेच्या बाबतीत गुरुदेव सेवामंडळ आहे, परंतु ओवीच्या अर्थावर शिक्कामोर्तब करणारे पीठ ते नव्हे. त्यामुळे येथे वाचकाची जबाबदारी वाढते.

विपर्यास केवळ पक्षच करतात असे नाही. २०००-०१ पासून राज्य शासनाने चालविलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. अभियानाने अनेक गावे झाडली गेली यात शंका नाही. तथापि देवापुढील पशुहत्या, कर्ज काढून केलेले जेवणावळीचे सोहळे, अस्पृश्यता व मुलांना शाळेत न धाडणे यांवर आघात करणारा कीर्तनकार त्यात केवळ खराट्यापुरता उरला. हा विपर्यास सद्‌भावनेचा असल्याने त्याला कोणी हरकत घेत नाही.

ग्रामगीतेतील ज्या कल्पनेचा दुरुपयोग सर्वांत सुलभ, ती ग्रामकुटुंबाची. गाव हे एक कुटुंब व गटबाजी हा त्याचा रोग, हा विचार ग्रंथात आहेच. परंतु त्याच ग्रंथात दलितसेवा व महिलोन्नती यांना स्वतंत्र अध्याय आहेत, गरिबी-श्रीमंतीचा विचार आहे. म्हणजे कुटुंबात आज सर्वांचे पान सारखे वाढलेले नाही, ही जाणीव ग्रंथकारास होती. गोंदिया जिल्ह्यातील गाव म्हणजे पोवार, कुणबी, गोंड, हलबा, १९५६ नंतर बौद्ध झालेली वस्ती, असे अनेकांचे मिळून असते. तेथे जमिनीचा, जंगलावरील हक्काचा किंवा पाणवठ्याचा प्रश्न एखाद्या घटकाने उपस्थित केला, की त्याला 'गावात फूट पाडू नका' असे ऐकविणे व त्यासाठी ग्रामकुटुंबाची ओवी पुढे करणे सोपे असते. ग्रामकुटुंब ही ग्रंथातली साध्य अवस्था आहे. तिला सिद्ध अवस्था समजून उद्धृत केले की ज्याच्यासाठी अध्याय लिहिला, त्याचेच तोंड बंद करण्याच्या कामी ती येते. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर येथे विध्यर्थाचा वर्तमानकाळ केला जातो, आणि पक्षीय विपर्यासाहून हा अपराध अधिक मोठा मानावा लागेल. पक्षांची फलकबाजी निवडणुकीनंतर उतरते. गावातला गप्प बसविलेला माणूस पुन्हा बोलेलच याची शाश्वती नसते.

भजनांच्या बाबतीत आणखी एक काम बाकी आहे. महाराजांच्या हिंदी-मराठी भजनांत १९४२ च्या आंदोलनातील रचना आहेत, ज्यांत दगडांचे बॉम्ब व भक्तांची सेना होण्याची भाषा येते. १९६२ व १९६५ च्या युद्धकाळात त्यांनी सीमेवर जाऊन जवानांपुढे भजने केली. खंजिरीच्या ठेक्यावरचे ध्रुपद तेच राहिले तरी १९४२ मध्ये 'शत्रू' म्हणजे परकी सत्ता होती आणि १९६२ मध्ये सीमेपलीकडचे सैन्य. आज तेच शब्द गावातल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवून म्हटले जाऊ शकतात, कारण गायकाला आणि श्रोत्यालाही रचनेचे वर्ष ठाऊक नसते. प्रत्येक भजनापुढे रचनेचा काळ, स्थळ व मूळ श्रोतृवर्ग नोंदविणारी संशोधित आवृत्ती तयार करणे हे मराठी विभागांचे काम आहे. हिंदी, पोवारी, गोंडी व झाडीबोली कानी पडणाऱ्या गोंदियासारख्या जिल्ह्यात तर मौखिक पाठभेदही त्याबरोबर टिपता येतील, आणि ज्यांनी महाराजांना प्रत्यक्ष ऐकले ती पिढी आता फार थोडी उरली आहे.