जीर्णोद्धार : एका नळीचा आणि एका नगराचा

आमच्या कोकणातल्या घरी माजघराच्या भिंतीवर एक ठासणीची बंदूक टांगलेली आहे. आजोबांनी ती शेताच्या राखणीसाठी घेतली होती. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरत, आणि मग त्या बंदुकीत तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासले जात. आजोबांमागून ती वडिलांकडे आणि वडिलांमागून रीतसर परवान्यासह माझ्याकडे आली. गेल्या वर्षी साफसफाईसाठी खाली काढली, तेव्हा नळी आतून गंजाने पोखरलेली आढळली. जिल्ह्याच्या गावी बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका परवानेदार कारागिराकडे ती घेऊन गेलो. त्याने नळीत उजेड पाडून पाहिले आणि म्हणाला,

"काका, हिच्यात आता दारू भरू नका, फुटेल. नवी नळी बसवू, परवान्यावर तशी नोंद करून घेऊ. दस्ता तोच, घोडा तोच. कोणाला कळायचंसुद्धा नाही!"

त्याचे पहिले वाक्य मला पटले. शेवटचे मात्र मनात सलत राहिले. कोणाला कळू नये, हा दुरुस्तीचा गुण म्हणावयाचा की दोष? त्या विचारात असतानाच एक जुना माहितीपट पाहण्याचा योग आला, आणि माझ्या घरगुती प्रश्नाला अनपेक्षित सोबत मिळाली. हा लेख त्या चित्रपटाविषयी आहे.

चित्रपटाचे नाव 'गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग'. अमेरिकेतील व्हर्जिनियामध्ये विल्यम्सबर्ग नावाचे जुने नगर जतन करणाऱ्या संस्थेने तो १९६९ साली काढला. सुमारे तासाभराच्या या चित्रपटात वॉलेस गस्लर नावाचा कारागीर अठराव्या शतकातील हत्यारे आणि रीती वापरून एक ठासणीची रायफल घडवितो. निवेदन डेव्हिड ब्रिंक्ली यांचे आहे. कथा नाही, नायिका नाही. तरी मी जागचा हललो नाही.

सर्वांत मोठी करामत नळीची. लोखंडाची एक जाड, लांब पट्टी भट्टीत पांढरी होईतो तापवायची, एका सळईभोवती तिच्या कडा वळवून आणायच्या आणि हातोड्याने त्या एकमेकींत सांधायच्या. एका वेळी फार तर चार बोटे सांधली जातात. पुन्हा भट्टी, पुन्हा भाता, पुन्हा ऐरण. सांधा कुठे कच्चा राहिला तर पुढे तीच नळी चालविणाऱ्याच्या तोंडाशी फुटायची. मग एकामागून एक गिरमिटे घालून आतले छिद्र गुळगुळीत करायचे, नळी डोळ्यांनी पारखून सरळ करायची आणि बाहेरून कानशीने आठ पैलू पाडायचे.

यानंतर येते ते रायफलीचे खरे रहस्य. आमच्या घरच्या बंदुकीची नळी आतून सपाट आहे. रायफलीच्या नळीत पेचदार चर असतात. तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी त्या चरांतून जाताना भोवऱ्यासारखी फिरू लागते आणि म्हणून सरळ जाते. हे चर पाडावयाचे साधन पाहून मी थक्क झालो. पेचदार खाचा कोरलेला एक लाकडी दंडगोल, त्याला जोडलेला गज आणि गजाच्या टोकाशी दातासारखे पोलादी पाते. गज ओढला की दंडगोल फिरतो आणि पाते नळीतून केसाएवढा कीस काढते. पाते बोथट वागू लागले की त्याच्याखाली कागदाचा एक कपटा सारायचा, म्हणजे ते तेवढेच वर उचलले जाते. लोखंडावरचा हा सारा हिशेब कागदाच्या जाडीने चालतो!

कॅमेरा इथे उगाच चमत्कृती करीत नाही. कारागिराचे हात पाहतो आणि वेळ जाऊ देतो. घाम, काजळी आणि चुकण्याची भीती या तिन्ही गोष्टी पडद्यावर दिसतात. कारागिरी हे शब्दांत सांगावयाचे कौतुक नसून पुन्हा पुन्हा करावयाचे काम आहे, ही या चित्रपटाची शिकवण आहे आणि ती त्याने उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता दिली आहे.

तथापि दोन गोष्टी खटकतात. एकच मनुष्य नळी, चाप, दस्ता, पितळी साज आणि कोरीवकाम हे सारे पहिल्यापासून शेवटपर्यंत करतो, हे चित्र मनोहर आहे खरे. पण त्या काळच्या व्यवहारात ते नेहमीचे नव्हते. अमेरिकेतले कित्येक बंदूकवाले चाप युरोपातून आलेले घेत, काही जण नळ्याही विकत आणीत. एकहाती निर्मितीचे हे स्वप्न अठराव्या शतकापेक्षा विसाव्या शतकाचेच अधिक आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बंदूक पुरी झाली, चित्रपट संपला. पण बंदुकीचे आयुष्य तर तिथून सुरू होते. काळ्या दारूची राख ओल धरून ठेवते आणि नळी गंजते. गज घासून नळीचे तोंड झिजते. बत्तीचे छिद्र मोठे होत जाते. मग ती पुन्हा लोहाराकडे येते. ही परतीची वाट चित्रपटाने दाखविली नाही आणि माझ्या मते सर्वांत सुंदर विद्या त्याच वाटेवर होती.

ती अशी. चर झिजले की जुने कारागीर नळी टाकून देत नसत. गजाच्या टोकाभोवती नळीतच वितळलेले शिसे ओतीत. ते थिजले की त्यावर जुन्या चरांचा तंतोतंत ठसा उमटे. त्या शिशात पाते बसवून गज ओढला की पाते जुन्याच पेचाने फिरे आणि तेच चर ताजे होत. म्हणजे आपली दुरुस्ती कशी करावी, हे जुनी नळीच हत्याराला शिकवीत असे! अर्थात् छिद्र थोडे मोठे होई आणि गोळीचा साचा नवा करावा लागे. दुरुस्ती लपत नसे. वाढलेल्या मापातच ती नोंदलेली राही.

आता त्या नगराकडे पाहू. विल्यम्सबर्ग १६९९ पासून १७८० पर्यंत व्हर्जिनियाची राजधानी होते. पुढे ते मागे पडले. डब्ल्यू. ए. आर. गुडविन या धर्मोपदेशकाच्या आग्रहावरून धाकट्या जॉन रॉकफेलरने १९२६ पासून त्याच्या जीर्णोद्धारासाठी पैसा ओतला. ८८ मूळ इमारती सावरल्या गेल्या, हे मोठेच काम झाले. परंतु १७८१ साली जळून गेलेला गव्हर्नरचा वाडा जुन्या पायावर नवा उभारून १९३४ साली खुला करण्यात आला; आणि नगर अठराव्या शतकाचेच दिसावे म्हणून नंतरच्या काळातली शेकडो घरे पाडण्यात आली. त्या घरांत राहिलेल्या माणसांचे शतक कुठे गेले? नळीच बदलली म्हणावयाची!

बंदुकांच्या बाबतीतही हेच घडले आहे. एकोणिसाव्या शतकात टोपीचा शोध स्थिरावला, तेव्हा चकमकीच्या असंख्य बंदुका टोपीच्या करून घेण्यात आल्या. विसाव्या शतकातल्या हौशी संग्राहकांनी त्यांतल्या कितीतरी पुन्हा चकमकीच्या करविल्या. वस्तूला तिचे बालपण परत दिले. पण तिने कष्टात काढलेली मधली वर्षे पुसून टाकली. आपल्याकडे जुन्या देवळाच्या काळ्या दगडावर ऑइलपेंट फासून त्यास जीर्णोद्धार म्हणतात, त्याहून हे फार निराळे नाही. जॉन रस्किनने १८४९ साली अशा जीर्णोद्धारावर झोड उठविली आणि विल्यम मॉरिसने १८७७ साली त्याविरुद्ध संस्थाच काढली. त्या दोघांचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे.

बहुतांशी म्हटले; कारण वस्तू केवळ पाहण्यासाठी नसते. आजोबांच्या रायफलीने एकदा तरी नेम धरावा, असे एखाद्या अमेरिकन नातवाला वाटले तर त्यात गैर काय? सांधा उकललेल्या नळीत दारू भरून त्याने डोळे गमवावेत, असे कोणताही रसिक म्हणणार नाही. त्याने खुशाल नवी नळी घ्यावी. फक्त तिच्यावर नवे साल कोरावे आणि जुनी नळी तेल लावून जपून ठेवावी. दुरुस्ती वाचता आली पाहिजे, एवढीच माझी अट आहे. 'कोणाला कळायचे नाही' हे वाक्य मला सलले, ते याच अटीपायी.

माझ्यापुरता निर्णय सोपा होता. आमच्या नळीला चर नाहीत, म्हणून ताजे करावयासही काही नाही. आतून खरवडावी तर आधीच झिजलेला पत्रा आणखी पातळ होणार. आणि डुकरांवर बंदूक चालविणारे आमच्या घरात आता कोणी उरलेले नाही. मी कारागिराला सांगितले, गंज काढा, तेल लावा, बाकी काही करू नका.

"मग ठेवून करायचं काय हिचं?" त्याने विचारले. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही.

यंदा खंडेनवमीला बंदूक खाली उतरविली, पाटावर ठेवली, तिला हळदकुंकू वाहिले. धाकट्या नातवाने नळीच्या तोंडाला डोळा लावू पाहिला. मी त्याचा हात धरून मागे ओढला आणि आजोबांनी शिकविलेला पहिला नियम त्याला सांगितला.

"वाजते का ही, आजोबा?"

"नाही."

"मग आतून दिसते कशी?"

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून मी नळी दस्त्यापासून सोडवली आणि मागचा पेच काढून ती खिडकीकडे धरली. नळीत दोन्हीकडून उजेड शिरला. गंजाचे खड्डे, आजोबांच्या गजाचे ओरखडे, सारे काही त्याला एकेक करून दाखविता आले.